परतीचं तिकीट

गेल्या शनिवारी जुन्या कंपनीतल्या एका मित्राचा फोन आला. साहेब एकदम फॉर्मात होते. "अरे, चंदीगडला एक जिप्सी सापडलीय. २०११ चं मॉडेल, सिंगल ओनर, पुण्यापेक्षा लाखभर स्वस्त. पुढच्या वीकेंडला विमानाने जातो आणि चालवत घेऊन येतो. तू आणली होतीस ना? काय म्हणतोस?"

मी म्हटलं, "आधी परतीचं रेल्वेचं तिकीट काढ." तो म्हणाला, "अरे, गाडी चालवत येणार आहे ना मी!" मी म्हटलं, "म्हणूनच."

फोनवर हे नीट समजावता आलं नाही, म्हणून आज इथे लिहितोय. दुरून जुनी फोर बाय फोर आणावी का, या प्रश्नावर माझं मत गेल्या तीन वर्षांत दोनदा बदललंय. त्यातला दुसरा बदल मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि तो काही फार अभिमानाने सांगण्यासारखा नाही.

आधी जिप्सीच का, ते थोडक्यात. मारुतीने ही गाडी १९८५ च्या डिसेंबरात आणली तेव्हा तिला ९७० सीसीचं इंजिन होतं. १९९६ मध्ये १.३ लिटरचं आलं आणि ती 'जिप्सी किंग' झाली, आणि २००० मध्ये त्यालाच एमपीएफआय लागलं. चारही चाकांना पाटे, खाली शिडीसारखी चेसिस, एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. साधारण २०१९ पर्यंत ती बनत राहिली, म्हणजे तीस-पस्तीस वर्षं मूळ सांगाडा तोच. आमच्या भाषेत सांगायचं तर हा असा कोडबेस आहे की ज्यात कुणी नवीन फीचर टाकलं नाही आणि त्यामुळेच तो अजून कुणालाही उघडून वाचता येतो. कुठल्याही तालुक्याच्या गावातला मिस्त्री बॉनेट उघडतो आणि त्याला सगळं दिसतं. हे ज्याला आवडतं त्याला जिम्नी दाखवून उपयोग नसतो. (जिम्नी आली जून २०२३ मध्ये, पावणेतेरा लाखांच्या एक्स-शोरूम किमतीपासून. तोवर माझं लग्न लागून गेलं होतं.)

आता दिल्लीच का? कारण दिल्लीत ती स्वस्त असते आणि स्वस्त असण्यामागे कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ च्या आदेशांत दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. जुलै २०२५ मध्ये तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असा नियम लागू झाला आणि काही दिवसांतच थांबलाही. ऑगस्टमध्ये कोर्टाने मालकांवर कारवाई नको म्हटलं. हा सगळा प्रकार हलता आहे, त्यामुळे घेणाऱ्याने त्या दिवशीची स्थिती बघूनच निघावं. पण मुद्दा असा की चौदा वर्षांची गाडी दिल्लीत मरणपंथाला लागलेली असते आणि पुण्यात तिचं अजून आयुष्य असतं. पंधरा वर्षांनंतर इथे आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते.

यावर बायकोने विचारलं होतं, "म्हणजे दिल्लीने धूर नको म्हणून हाकललेली गाडी आपण पुण्यात आणायची?" याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. महिन्यातून दोन-तीनदा चालते, पीयूसी वेळेवर असते, ऑफिसला मी बसने जातो, वगैरे वगैरे. पण गाडी बीएस-३ आहे आणि हवा आपलीही तीच आहे. ज्यांना हे रोजच्या वापरासाठी करायचंय त्यांनी करू नये, असं माझं सरळ मत आहे.

असो. तर २०२३ च्या फेब्रुवारीत एका गुरुवारी मी दिल्लीला उतरलो. यादीत दोन गाड्या होत्या. पहिली गुडगावजवळच्या एका डीलरच्या आवारात. फोटोत इतकी देखणी की मी विमानात बसून तिच्यावर टाकायच्या कॅरियरचं डिझाइन करत होतो. प्रत्यक्षातही देखणी. नवा ऑलिव्ह ग्रीन रंग, नवे टायर, आणि मी पोचलो तेव्हा इंजिन गरम. ही पहिली घंटा. गाडी बघायला येतोय असं सांगताना "माझ्यासमोरच सुरू करा" असं बजावून सांगावं आणि पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवावा. गार इंजिन पहिल्या दोन मिनिटांत जे सांगतं ते गरम झाल्यावर सांगत नाही.

दुसरी घंटा खाली झोपल्यावर वाजली. संपूर्ण चेसिसला ताजा काळा थर फासलेला. मी एक छोटी हातोडी नेली होती. मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ ठोकत गेलो तर टण टण टण येता येता एका ठिकाणी थप्प झालं. थर खरवडला तर आत पत्र्याचं ठिगळ वेल्ड केलेलं. ज्या जागेवर गाडीचं मागचं सगळं वजन येतं तिथे! विचारल्यावर उत्तर आलं, "सर, आर्मी की गाड़ी है, मज़बूत किया है."

आता खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात काय चाललं होतं. 'पुण्यात वेल्डिंग करून घेऊ. चार दिवस रजा टाकलीय. विमानाचे साडेपाच हजार गेलेत. ऑफिसात सगळ्यांना सांगून आलोय. रिकाम्या हाताने कसं जायचं?' दूरची गाडी फसवते ती इथे. गाडीत खोट असते हे आपल्याला दिसतं, पण आपण इतक्या लांबून आलेलो असतो की ते दिसूनही न दिसल्यासारखं करतो. अंतर हेच विकणाऱ्याचं सगळ्यात मोठं भांडवल.

मला त्या दिवशी वाचवलं ते खिशातल्या शनिवारच्या दिल्ली-पुणे थ्री एसीच्या तिकिटाने. आमच्या गॅरेजवाल्या दादाने ते काढायला लावलं होतं. तो म्हणाला होता, "साहेब, परत यायला दुसरा रस्ता असला की माणूस नाही म्हणू शकतो." मी नाही म्हणालो, डीलरचा चहा प्यायलो आणि निघालो. तिकीट रद्द करायला काहीशे रुपये जातात. अख्ख्या व्यवहारातला तो सगळ्यात स्वस्त विमा.

दुसरी गाडी जनकपुरीत होती. मालक एक निवृत्त सरकारी इंजिनियर, वय सत्तरच्या पुढे. ऑगस्ट २००८ ची नोंदणी, म्हणजे दिल्लीत अजून सहाच महिने. रंग उडालेला, सीट फाटलेली, पण खाली तो गंज जसा होता तसा दिसत होता, वरवरचा. गार इंजिन दुसऱ्या सेल्फला सुरू झालं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती (असली तर हेड गॅस्केटमधून पाणी आत येतंय असं समजावं). फोर बाय फोर डांबरावर लावून बघायचं नसतं, सगळा ताण गिअरवर येतो, म्हणून अंकल स्वतः मला एका बांधकामाच्या मोकळ्या मातीत घेऊन गेले आणि लो रेंजमध्ये गाडी एका ढिगाऱ्यावर चढवून दाखवली. साठच्या वर स्टिअरिंग थरथरत होतं. ते त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं.

चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडला, त्यावर कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसे घेतले (एनओसीच्या अर्जाला लागतात). वाहन पोर्टलवर कर्ज, इन्शुरन्स, दंड बघून घेतले. दोन लाख पस्तीस हजारांना सौदा झाला. पैसे बँकेतून दिले. फॉर्म २८ एनओसीसाठी, २९ आणि ३० नाव बदलण्यासाठी, शिवाय तारीख आणि वेळ टाकलेलं ताबापत्र, सगळ्यांवर सह्या झाल्या. अंकल प्रत्येक कागद चष्मा लावून वाचत होते. निघताना म्हणाले, "फास्टॅग लगा हुआ है, चलने दो. बाद में हिसाब कर लेंगे." टॅग नसता तर तेव्हा प्रत्येक नाक्यावर रोख दुप्पट टोल पडला असता. मी खूश.

शनिवारी पहाटे निघालो. दिल्ली, जयपूर, अजमेर, उदयपूर, अहमदाबाद, भरूच, ठाणे, पुणे. म्हणजे बराचसा एनएच ४८, साधारण पंधराशे किलोमीटर. चार दिवस लावले आणि वेग साठ-पासष्टच्या वर नेला नाही. नवी गाडी हे अंतर दोन दिवसांत करते, पण अनोळखी जुनी गाडी चालवताना तुम्ही प्रवास करत नसता, तिची तपासणी करत असता. दर शंभर किलोमीटरला थांबून चारही हबवर हात ठेवायचा. एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय. खाली वाकून ऑइल बघायचं. पाण्याची पातळी मात्र इंजिन गार झाल्यावरच, सकाळी. टाकी चाळीस लिटरची आणि सरासरी दहा, त्यामुळे तीनशेच्या आत पेट्रोल भरायचंच.

आणि अंकलचे फोन. पहिला आला मनोहरपूरचा टोल ओलांडल्यावर दहा मिनिटांनी. "बेटा, मनोहरपुर निकल गए? गाड़ी गरम तो नहीं हो रही?" मला कळेना की यांना कसं कळलं. मग लक्षात आलं, टोल कापला की मेसेज त्यांच्या मोबाइलवर जातो! पुढे चार दिवस हेच. किशनगडला फोन, उदयपूरच्या आधी फोन. जनकपुरीतल्या आपल्या बाल्कनीत बसून ते मेसेज बघत पुण्यापर्यंत माझ्याबरोबर आले. ब्यावरजवळ रेडिएटरचा होज फाटला आणि मी दोन तास अडकलो, तर "अगला टोल नहीं आया, सब ठीक है ना?" म्हणून त्यांचाच फोन आधी आला. तिथल्या मिस्त्रीने पाऊण तासात दुसरा पाइप कापून बसवला, शिवाय एका शाफ्टचा क्रॉस खडखडतोय हेही दाखवलं. तो उदयपूरला बदलला. सगळा मिळून खर्च एकोणचाळीसशे.

मंगळवारी संध्याकाळी जुन्या हायवेने खंडाळ्याचा घाट चढलो. शिंगरोबाच्या देवळाशी ट्रकवाले करतात तसं मीही नाणं टाकलं. चार दिवसांत मला त्या गाडीचा प्रत्येक आवाज कळायला लागला होता. पुण्यात घेतलेली गाडी दोन वर्षांत तुमची इतकी होत नाही.

आता हिशोब, कारण सगळे तोच विचारतात. विमान आणि दिल्लीतलं राहणं ७,५००. पेट्रोल १५,२००. टोल २,३००. वाटेतल्या तीन रात्री आणि जेवण ६,५००. दुरुस्ती ३,९००. इथला कर, नोंदणी, पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण, एजंट मिळून ३१,०००. म्हणजे गाडी पडली ३,०१,४०० ला. तशीच गाडी पुण्यात ३,३०,००० ला होती. वाचले २८,६००, आणि त्यात चार दिवसांची रजा गेली. त्यानंतर गॅरेजमध्ये ४६,००० गेले ते वेगळे, पण ते पुण्यातल्या गाडीलाही गेलेच असते. तेव्हा 'लाखभर स्वस्त' ही गोष्ट विसरा. पैसे वाचवायला म्हणून कुणी जाऊ नये. चार दिवसांच्या त्या रस्त्यासाठी जायचं असेल तर खुशाल जावं.

इथवर माझ्या मतातला पहिला बदल. ही गोष्ट इथेच संपली असती तर मीही ती पार्ट्यांमध्ये सांगत सुटलो असतो. दोन-तीनदा सांगितलीही.

दिल्लीची एनओसी पाच आठवड्यांत आली. म्हणजे मार्चच्या शेवटी मला फक्त इथल्या आरटीओत जाऊन कर भरायचा होता. कायद्याने घेणाऱ्याने तीस दिवसांत मालकी बदलल्याचं कळवायचं असतं. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या आत इथल्या नंबरवर घ्यायची असते. मी त्यातलं 'बारा महिने' तेवढं सोयीने लक्षात ठेवलं. एप्रिलमध्ये रिलीज होतं. मेमध्ये गावी गेलो. जूनमध्ये पाऊस लागला आणि जिप्सीवाल्याला पावसात आरटीओ आठवत नाही, ताम्हिणी आठवते. तसंही ऑगस्टमध्ये पंधरा वर्षं पूर्ण होणार, तेव्हा सगळं एकदमच करू, असं ठरवलं. फास्टॅगसुद्धा अंकलचाच चालू होता. महिन्याच्या शेवटी मी त्यांना पैसे पाठवायचो आणि ते "नो हरी बेटा" असा मेसेज करायचे.

जुलैतल्या एका रविवारी, ताम्हिणीच्या एका वळणावर, समोरून येणारा एक मुलगा बाइक घसरून माझ्या बंपरवर आदळला. मी पंधराच्या वेगात होतो. त्याचं मनगट मोडलं. त्याला पौडला आणि तिथून पुण्याला आणलं, प्लास्टर घातलं, बिल मी भरलं, त्याचे वडील आले, बोलणं झालं. आता तो मुलगा ठणठणीत आहे. पण पोलिसांत नोंद झाली आणि नोंदीत गाडीचा नंबर गेला. तो दिल्लीचा.

मंगळवारी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना अंकलचा फोन आला. एरवी ते आधी तब्येत विचारतात. त्या दिवशी थेट म्हणाले, "बेटा, पुणे से पुलिस का फोन था. एक्सीडेंट का. गाड़ी अभी भी मेरे नाम पर है क्या?" मी काहीतरी पुटपुटलो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मैंने तो सारे काग़ज़ साइन कर दिए थे ना?"

त्या रात्री बसून मी कायदा वाचला, जो फेब्रुवारीतच वाचायला हवा होता. मोटार वाहन कायद्यात 'मालक' म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं: गाडी विकली, ताबा दिला, पुढे चार हात बदलले, तरी नोंदणीत नाव राहिलं असेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर येते. विम्याचंही तसंच. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचं तसं जात नाही. चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवावं लागतं. मी कळवलं नव्हतं.

म्हणजे त्या मुलाला आणखी काही झालं असतं तर? जनकपुरीतल्या सत्तरीच्या माणसाला, ज्याने स्टिअरिंग थरथरतं हेसुद्धा स्वतःहून सांगितलं, त्याला पुण्याच्या ट्रिब्युनलची नोटीस गेली असती. माझ्या 'पुढच्या वीकेंडला करू'पायी. गुडगावच्या त्या डीलरला मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या. त्याने ठिगळावर काळा थर फासला होता. मी पाच महिने दुसरं काय करत होतो?

बुधवारी रजा टाकून आरटीओत गेलो. तीन आठवड्यांत एमएच बाराची आरसी हातात आली. तिचा फोटो अंकलना पाठवला. त्यांनी एक अंगठा पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी टॅग बंद केल्याचा मेसेज.

आपल्या या छंदातल्या मंडळींशी माझं भांडण इथे आहे. दुसऱ्या राज्यातल्या नंबरवर दोन-दोन वर्षं फिरणारे किमान सहा-सात जण मला माहीत आहेत. कर वाचतो, दंडाचे मेसेज दुसऱ्याला जातात, आणि वर आपण ते हुशारी म्हणून सांगतो. ज्याने विश्वासाने सह्या केल्या त्याच्या नावावर आपण मजा करत असतो. ज्याला आरटीओचे एकतीस हजार आणि दोन रजा परवडत नाहीत, त्याला ती गाडी परवडत नाही, बस. गाडी दारात लागली म्हणजे ती आणून झाली असं नसतं. जुन्या मालकाचं नाव कागदावरून गेलं की ती आणून झाली.

तर मित्रा, चंदीगडला जरूर जा. हातोडी ने. बॉनेटवर हात ठेव. परतीचं तिकीट काढ. आणि त्याच दिवशी, विमानाच्या तिकिटाबरोबरच, तीस दिवसांच्या आतली आरटीओची एक रजाही टाकून ठेव. मॅनेजरला कारण विचारलं तर माझं नाव सांग.

अंकलचा दिवाळीला फोन येतो अजून. गेल्या वर्षी विचारत होते, "वो स्टिअरिंग का कुछ किया?" किंगपिनची बेअरिंगं बदलली, आता ऐंशीला पण थरथरत नाही, असं सांगितलं. "अस्सी पे मत चलाना," म्हणाले.